बांधावरचा कठडा

ती केस अजून डोक्यातून जात नाही. पोलीस खात्यात उभी हयात गेली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी म्हणालं की साहेब, आठवणीतला एखादा तपास सांगा, तर माझ्या तोंडी पहिल्यांदा एका लोखंडी कठड्याची चोरी येते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे. खुनाच्या तपासात निदान खून झाला हे तरी सगळ्यांना मान्य असतं.

मुळशी तालुक्यात, उरवड्याच्या बाजूच्या एका गावातली ही गोष्ट. गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. बहुतेक सगळे हयात आहेत आणि सगळे एकमेकांचे पाहुणे आहेत. गावची प्राथमिक शाळा रस्त्याला लागून. रस्ता अरुंद, त्यावरून कारखान्यांचे ट्रक आणि खडीचे डंपर. शहर पसरत पसरत तिथपर्यंत आलं, तशी शहराच्या विकास निधीतून एक योजनाही आली. मुलांना शाळेत चालत जाताना धोका नको म्हणून रस्त्याच्या कडेने फरसबंदी पायवाट करायची आणि रस्ता व पायवाट यांच्यामध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा लोखंडी कठडा बसवायचा. पहिला टप्पा गावठाणातून शाळेपर्यंत. दुसरा टप्पा गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीपर्यंत, ओढ्यावरच्या छोट्या पुलासकट. अट एकच होती. पहिला टप्पा जागेवर धड उभा आहे अशी पाहणी झाल्याशिवाय दुसऱ्याचा निधी सुटणार नव्हता.

पहिला टप्पा झाला. फीत कापली, फोटो निघाले, पेढे वाटले. जूनमध्ये शाळा भरली आणि पाहणीला इंजिनियर आला, तेव्हा त्याला पायवाट सापडली, पण कठडा जागोजागी गायब होता. तो म्हणाला, आधी चोरीचं काय ते मिटवा, मग पुलाचं बोलू. आणि गाडीत बसून निघून गेला.

मी तेव्हा त्या ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती, त्यामुळे फालतू केस टेबलावर आली की चिडचिड लवकर व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असतानाच उपसरपंच आले आणि खुर्ची ओढून बसले.

"साहेब, खात्रीची खबर हाय. समद्या पायपा वाडीवर गेल्यात."

"कुणी पाहिलं?"

"बघायचं काय त्यात? सगळ्या गावाला म्हाईत हाय."

सगळ्या गावाला माहीत असलेल्या गोष्टीला एकही साक्षीदार मिळत नाही, हा माझा नोकरीभरचा अनुभव. तरी त्यांनी वाडीवरच्या एका माणसाचं नाव घेतलंच. फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि दुपारी घटनास्थळाचा पंचनामा करायला गेलो.

पंच म्हणून गावातले दोन प्रतिष्ठित इसम बोलावले. त्यातले एक म्हणजे गावचे जुने बागायतदार. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं, म्हणून मीही म्हणतो. रस्त्यालगत घर, मागे कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, पांढरी टोपी, बोलणं शांत. मापाच्या टेपचं टोक त्यांनी स्वतः धरलं. जिथे जिथे कठडा नव्हता तिथे उभं राहून त्यांनी मान हलवली. "काय दिवस आलं बघा, साहेब," असंही म्हणाले. मग त्यांच्या ओसरीवर गवती चहा झाला, पंचनाम्यावर त्यांची सही झाली आणि आम्ही परत आलो. त्या चहाची चव आठवली की आजही माझा पारा चढतो.

तिकडे आमचा बीट अंमलदार वाडीवर जाऊन आला. झडतीत फक्त एक पाइप मिळाला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, ओढ्यावर आडवा, दोन्ही काठांच्या झाडांना वेलीने आणि तारेने घट्ट बांधलेला. त्याने तो सोडवून मुद्देमाल म्हणून आणला आणि ज्याचं नाव आलं होतं त्या माणसालाही घेऊन आला. माणूस तिशी-पस्तिशीचा, किडकिडीत. बाकावर बस म्हटलं तरी खाली भिंतीशी उकिडवा बसला. बरोबर शाळेच्या गणवेशातली त्याची मुलगी होती. तिसरीत होती. ती ठाण्यातल्या भिंतीवरचे फलक मोठ्याने वाचत होती.

मी विचारलं, "पाइप कुठून आणला?"

"चरीतनं."

"चरीत कुणी टाकला?"

"डंपरनं. वळणावर धडक दिली तवा पडला. लई दिस पडून व्हता."

"मग ओढ्यावर कशाला बांधलास?"

"पोरं धरत्यात. पानी वाडलं की दगडावरनं पाय सरकतो."

"विकला का नाहीस?"

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "इकला तर पोरं काय धरतील?"

बाकीच्या पाइपांबद्दल त्याला नाना तऱ्हांनी विचारलं. "न्हाई म्हाईत," यापुढे तो गेला नाही. खोटं बोलणारा माणूस प्रश्नापेक्षा मोठं उत्तर देतो. वेळ सांगतो, साक्षीदार सांगतो, देवाची शपथ घेतो. या माणसाची उत्तरं प्रश्नापेक्षा लहान होती. मी त्याचा जबाब नोंदवला आणि बोलावल्यावर हजर राहायला सांगून त्याला सोडून दिलं. पाइप मात्र ठाण्याच्या आवारात राहिला, त्याला लेबल लागलं होतं.

मग पाऊस लागला आणि त्या भागातला पाऊस म्हणजे नुसता पाऊस नसतो. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंचा फोन आला. "साहेब, वाडीची मुलं येत नाहीत. ओढा भरलाय, धरायला काही नाही. तेवढा पाइप द्या ना."

"बाई, तो मुद्देमाल आहे. कोर्टाच्या आदेशाशिवाय देता येत नाही."

"मग मुलं कोर्टात पाठवू का?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला संताप भरपूर आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी शाळेच्या वेळेला मी साध्या कपड्यांत, छत्री घेऊन, त्या पायवाटेने एकटाच चालत निघालो. बरोबर कुणी नव्हतं, म्हणून नीट बघता आलं. एक गोष्ट लगेच खटकली. जिथे घरं नाहीत, गायरान आहे, मोरी आहे, रात्री चिटपाखरू नसतं, तिथे कठडा शाबूत होता. जिथे घरं आहेत, बरोबर तिथेच नव्हता. भंगार चोरणारा एवढा शहाणा नसतो की लोकांच्या दारातला माल उचलेल आणि ओसाड जागेतला ठेवेल. पुढे बघितलं तर कठड्याची प्रत्येक तूट एखाद्या बांधापाशी सुरू होत होती आणि पुढच्या बांधापाशी संपत होती. हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही. नट पान्याने काढलेले होते. फरशीतून वर राहिलेले बोल्ट ठोकून वाकवले होते, ट्रॅक्टरच्या टायरला लागू नयेत म्हणून. चोर कधी कुणाच्या टायरची काळजी करतो का?

मी तिथे वाकून बघत असताना एक बाई मुलाचा हात धरून आली. कामगारांच्या खोल्यांत राहणारी, उत्तरेकडची. माझी छत्री आणि वाकणं बघून तिने मला रस्त्याचा इंजिनियर ठरवलं.

"साहब, रेलिंग वापस कब लगाओगे? कल ट्रक एकदम पास से गया, मेरा बच्चा गिर गया."

"मिलेगी तो लगाएँगे," मी म्हणालो.

तिला हसू आलं. "मिलेगी तो? हम तो रोज पकड़ के चढ़ते हैं."

मुलाला शाळेत सोडून येताना तिने मला तिच्या खोल्यांचा जिना दाखवला. जिन्याला छान निळा ऑइल पेंट दिलेला कठडा होता. पावसाने जिथे रंगाचे पोपडे निघाले होते तिथे खालून पिवळे-काळे पट्टे दिसत होते. घरमालकाचं नाव विचारायची गरज नव्हती. ओसरी ओळखीची होती. तिथेच मी चहा प्यायलो होतो.

आण्णा घरातच होते. मी जिन्याकडे बोट करून विचारलं, "आण्णा, हे काय आहे?"

"कठडा हाय."

"कुठून आणला?"

"दारातनं."

एवढ्या सरळपणे कबुली दिलेला आरोपी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मी आवाज चढवला. "मग पंचनाम्याच्या वेळी टेप धरून माझ्याबरोबर फिरत होता तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी चोरी झाली का इचारत व्हता. मी चोरी कुटं केली?"

"सरकारी कठडा काढून घरात लावलात, ही चोरी नाही?"

"सरकारी कसा?" आण्णा खरोखरच गोंधळले होते. "साहेब, बांधावरचं झाड ज्याच्या अंगाला त्याचं. ह्यो कायदा आमच्या आज्याच्या बी आदीचा हाय. पायवाटंला जागा आमी दिली, ती चालायला दिली. तितं उभं हाय ते ज्याच्या बांधावर त्याचं."

जागा खरोखरच नुसत्या बैठकीतल्या शब्दावर दिली गेली होती. कागद कुणी केला नव्हता. आणि त्या भागात बांधावरच्या झाडाचा हा नियम लहान पोरालाही पाठ असतो. त्यावरून भाऊ भावाशी भांडतो, पण नियमाला आव्हान कुणी देत नाही. कठडा हे लोखंडाचं झाड आहे असं या माणसांनी मनापासून धरलं होतं.

"पण काढलात कशाला? उभा राहिला असता तर काय बिघडत होतं?"

"नातवंडांची बस दारात थांबंना. डायवर म्हनायचा, मधी कठडा हाय, पोरं पुढं कोपऱ्यावर आना. पावसात पोरांनी कोपऱ्यापतुर चालत जायाचं?"

त्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत होती. शेजारच्यांचीही. कठड्यालगतच्या एकाही घरातलं मूल त्या पायवाटेने चालत नव्हतं. चालत होती ती वाडीची आणि भाडेकरूंची मुलं. कपाळावर हात मारून घ्यावा, की या गृहस्थाला तसंच उचलून गाडीत घालावं, मला सुचेना. शेवटी दोन्ही केलं.

पुढे सगळं एका दिवसात उलगडलं. कुणाकडे पाइप गोठ्याच्या गव्हाणीला लागले होते, कुणाकडे भोपळ्याच्या वेलाच्या मांडवाला, कुणाकडे कपडे वाळत घालायला. कुणी काही लपवलं नव्हतं. ज्याला विचारावं तो म्हणे, "आमच्या बांधावरचा हाय," आणि चहा ठेवायला सांगे. मी एकाही घरी चहा घेतला नाही. गावातला पंच घ्यायची सोय राहिली नव्हती, कारण ज्याला बोलवावं त्याच्याच घरी पाइप. शेजारच्या गावातून पंच आणले. मुद्देमाल ठाण्यात न्यायला ट्रॅक्टर-ट्रॉली लागली, ती आण्णांच्या पुतण्याची होती. भाडं त्याने मागितलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

उपसरपंचांना समोर बसवलं. म्हटलं, "तुमच्या चुलत भावाच्या गोठ्यात चार पाइप आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"म्हाईत व्हतं."

"मग वाडीवरच्या माणसाचं नाव कसं घातलंत?"

"आता फिर्याद द्यायची म्हंजी कुनाचं तरी नाव घालाय पायजे न्हवं? भावकीतलं कसं घालू?"

हे ते माझी समजूत काढावी अशा आवाजात म्हणाले. ठाण्यात इतकी वर्षं बसल्यावर माणसाची भीड चेपते, राग मात्र चेपत नाही. मी त्यांना काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

दोषारोपपत्र गेलं. त्यात वाडीवरच्या माणसाचा गुन्ह्याशी संबंध नाही, हे मी स्वच्छ लिहिलं. ग्रामपंचायतीने कोर्टात अर्ज केला आणि लोखंड सुपुर्दनाम्यावर परत घेतलं, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायला ताब्यात. मग ते बसवताना नवा घोळ. ज्याच्या त्याच्या दारासमोर बस थांबायला फट हवी. ग्रामसभेत त्यावर इतकी वादावादी झाली की बंदोबस्त लावावा लागला. शाळेतल्या मुलांच्या कठड्यासाठी पोलीस बंदोबस्त! मी स्वतः जाऊन बसलो आणि सगळ्या बसगाड्यांनी एकाच ठिकाणी थांबायचं, हे मान्य करून घेतल्यावरच उठलो. पाहणी पुन्हा झाली. निधी सुटला. पुढच्या पावसाळ्याआधी ओढ्यावर पूल झाला, सिमेंटचा, दोन्ही बाजूंनी कठडे असलेला. कधी नव्हे ते सगळं ठरल्यासारखं झालं, म्हणून मीही जरा खूश होतो.

शाळा भरल्यावर मुख्याध्यापक बाईंना फोन केला. म्हटलं, वाडीची मुलं येतात ना आता?

"येतात की. एक सोडून सगळी येतात."

एक म्हणजे ती मुलगी, जी ठाण्यात फलक वाचत बसली होती. चौथीत जायची होती. बाई म्हणाल्या, वर्गातली पोरं तिला पाइपचोराची पोरगी म्हणतात. दम दिला, समजावलं, पण पोरं जे घरी ऐकतात तेच बोलतात.

मी वाडीवर गेलो. नव्या पुलावरून चालत गेलो. बाप घरासमोर खेकड्यांची टोपली विणत होता.

"तुझं नाव केसमधून निघालंय," मी म्हणालो. "मी स्वतः लिहिलंय. तुझा काही संबंध नाही."

"कागदावरनं निगालं असंल, साहेब."

"मग पोरीला पाठव की. रस्ता चांगला झालाय."

"रस्ता झ्याक झालाय," तो म्हणाला. "पन त्यो गावातनं जातुया."

त्याच्यापुढे माझ्याकडे कुठलंही कलम नव्हतं. तिथून मी तडक आण्णांच्या घरी आलो. म्हटलं, आण्णा, चला माझ्याबरोबर. वाडीवर जाऊन त्याच्यासमोर, त्याच्या माणसांसमोर एवढंच म्हणा की पाइप आम्ही काढले, याने नाही. बाकी काही नको. आण्णा लगेच उठले, टोपी घातली, जीपमध्ये बसले. माणूस वाईट नव्हता. त्याच गोष्टीचा तर मला जास्त त्रास होत होता.

वाडीवर दहा-बारा माणसं जमली. आण्णा मधोमध उभे राहिले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "जालं गेलं सोडून द्या. पोरीला शाळंत धाडत जा, शिकली पायजे पोर."

मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "व्हय, आण्णा."

आण्णा जीपमध्ये येऊन बसले. मी वाट बघत राहिलो, पण त्यांचं बोलणं झालं होतं. वळणावर आल्यावर माझा तोल सुटला. "तेवढं एक वाक्य बोलायला आणलं होतं तुम्हाला. तेच का नाही बोललात?"

आण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, सोमवारपासनं आवणी हाय माझी. त्यो माझ्याच वावरात येनार भात लावायला. त्याच्याम्होरं कसं म्हनू?"

या केसने मला काय शिकवलं, असं विचारतात. मुद्देमाल परत मिळवायला ठाणं आहे, कोर्ट आहे, सुपुर्दनाम्याचा छापील नमुना आहे. गावाने एकदा घेतलेलं नाव परत घ्यायला काहीही नाही. ते ज्याने घेतलं त्यालाच परत घ्यावं लागतं, आणि त्याला तर ते घेतल्याचंही वाटत नसतं. कठडा नीट आहे. पूल भक्कम आहे. इंजिनियर खूश, पंचायत खूश, बाकीची सगळी मुलं सुरक्षित. एवढं झालं ते कमी नाही, असं मी स्वतःला समजावतो आणि समजूत पटत नाही.

त्या सोमवारी एका बंदोबस्ताला त्याच रस्त्याने चाललो होतो. शाळेची घंटा झाली होती. पायवाटेवरून मुलं रांगेत चालली होती, कठड्याच्या आतून. अलीकडच्या बाजूला आण्णांच्या वावरात चिखलात बाप पुढे वाकून भात लावत होता आणि त्याच्या मागे, रोपांच्या पेंढ्या हाताशी देत, ती मुलगी उभी होती.